आपल्या भाषेतलं पुस्तक

अग्लाया : हे बघ, बायकांसाठी म्हणून या लायब्ररीत एकच कप्पा आहे. त्यात लोणची, विणकाम आणि बाळाचं न्हाणं. खालच्या फळीवर गाईंचे रोग.

रुक्सांदा : अग्लायामावशी, बाळाचं नाही विचारत मी. माझी बाळं मोठी होऊन जर्मनीला गेली. बाईचं विचारतेय. तिच्या अंगाचं, मनाचं. नवऱ्याजवळ असण्याचं.

अग्लाया : कळलं मला. म्हातारी झाले, बहिरी नाही झाले. असलं एक पुस्तक आलं होतं आपल्या गावात, असल्या पुस्तकांवर बंदी होती त्या काळात. पोलिसाच्या भीतीनं मी ते मधमाश्यांच्या पेटीत लपवलं. आठ दिवस एक माशी बाहेर पडली नाही. आत वाचत बसल्या होत्या. त्या वर्षीचा मध पाद्रीबाबांनी चमचाभर खाल्ला, तर तीन रविवार प्रवचन विसरले.

रुक्सांदा : मावशी, मी आज हसायला नाही आले.

अग्लाया : मग कोट काढ, बस. चौदा वर्षं इटलीत लोकांची म्हातारी माणसं सांभाळलीस, परत येऊन महिना नाही झाला, आणि भर दुपारी माझ्याकडे असलं पुस्तक मागतेस. तोआदरनं काही केलं का?

रुक्सांदा : काहीच करत नाही, तेच तर. मागच्या स्वयंपाकघरात झोपतो. खोलीत यायचं तर स्वतःच्याच घराचं दार वाजवतो. मला 'जेवलीस का' विचारतो आणि जातो. बायको कसली, पाहुणी आहे मी.

अग्लाया : सवय मोडलीय गं त्याची.

रुक्सांदा : माझीही मोडलीय. पण मला हवंय, मावशी. पन्नाशी उलटली तरी हवंय. आणि काय हवंय ते आता मला सांगता येतं. पूर्वी यायचं नाही.

अग्लाया : मग सांग की त्याला.

रुक्सांदा : सांगितलं. रविवारी आम्ही दोघं आलुबुखारचा मुरंबा ढवळत होतो, तेव्हा. अर्धं रोमानियनमध्ये, अर्धं इटालियनमध्ये. ते शब्द मी तिकडेच शिकले ना. आपल्याकडे त्याला एक तर शिवी आहे, नाहीतर डॉक्टरचा शब्द. त्यानं कालथा खाली ठेवला आणि विचारलं, तुला हे कुणी शिकवलं?

अग्लाया : तू काय म्हणालीस?

रुक्सांदा : खरं तेच. एर्सिलियाबाईंनी. पादोव्याला शेवटची सहा वर्षं मी त्यांच्याकडे होते. जुन्या सुईण, डोळे गेलेले. रोज दुपारी मी त्यांना वाचून दाखवायचे, आणि कपाटभर सगळी हीच पुस्तकं. एक डॉक्टरणीनं लिहिलेलं, बाईचं अंग कसं असतं, कशानं सुखावतं, त्याचं. एकात म्हाताऱ्या बायका नुसत्या बोलतात, आपल्याला काय आवडायचं, काय कधी मागताच आलं नाही. सुरुवातीला मी लाजून ओळी गाळायचे. बाईंना कळायचं. म्हणायच्या, मागे जा, मधलं काहीतरी खाल्लंस तू.

अग्लाया : आवडली मला ही बाई. तोआदरला पटलं?

रुक्सांदा : 'आंधळ्या म्हातारीनं?' म्हणाला, आणि लाकडं फोडायला गेला. त्याला वाटतं, तिकडे माझं कुणी होतं. चौदा वर्षांत माझ्या अंगाला कुणी हात लावला, मावशी, तो फक्त अंथरुणातून उठताना आधाराला.

अग्लाया : म्हणून आपल्या भाषेतलं हवंय होय.

रुक्सांदा : आपल्या भाषेतलं, आणि या लायब्ररीचा शिक्का असलेलं. टेबलावर ठेवलं की त्याला दिसेल, हे शिकायला कुणी पुरुष लागत नाही. अग्लायामावशीकडेही मिळतं.

अग्लाया : मी सांगते त्याला, लग्नाआधी मीच तुला सगळं शिकवलं म्हणून.

रुक्सांदा : माश्या वाचतात म्हणणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार?

अग्लाया : तेही खरंच. नाही गं माझ्याकडे. बत्तीस वर्षं इथली किल्ली माझ्याकडे आहे. शहरातून यादी यायची, तिच्यात असली एक-दोन नावं असायची. मी बोट पुढे सरकवायचे. लोक काय म्हणतील, म्हणून. आणि कुणी मागितलंही नाही कधी.

रुक्सांदा : मी मागतेय.

अग्लाया : आता मागवलं तर दीड महिना तरी जाईल.

रुक्सांदा : गुरुवारी बस आहे. इटलीत विचेन्झाला एक आजोबा आहेत, सांभाळायला येतेस का, असं एजन्सीवाली विचारतेय. उद्या उत्तर द्यायचंय. पाहुणीच राहायचं असेल, तर तिकडे निदान त्याचा पगार मिळतो.

अग्लाया : (खुर्ची जवळ ओढून) त्या बाईंचं एखादं पुस्तक आणलंयस का?

रुक्सांदा : त्या गेल्यावर मुलानं सगळी रद्दीत घातली. एक मी उचललं, म्हाताऱ्या बायकांचं. हे काय, पिशवीतच आहे. पण इटालियन.

अग्लाया : आपल्या भाषेत सांगत वाच. मी वहीत उतरवून घेते. शब्द अडला तर दोघी मिळून शोधू. पुरं झालं की मी वहीवर शिक्का मारते, मग ठेव टेबलावर. माझं अक्षर सगळं गाव ओळखतं. आणि एजन्सीवालीला कळव, दुसऱ्या एका म्हातारीनं अडकवून ठेवलंय. हिला दिसतं, पण माहीत काही नाही.

रुक्सांदा : आणि तोवर तोआदरला काय सांगू?

अग्लाया : दुपारी अग्लायाकडे वाचायला जाते म्हणावं. खोटं वाटलं तर त्यानंही येऊन बसावं. बारा खुर्च्या आहेत, बसायला कुणी नसतं.

रुक्सांदा : कुठून वाचू?

अग्लाया : उघडेल तिथून.

रुक्सांदा : ही पंच्याहत्तर वर्षांची बाई आहे. म्हणते, नवरा जाऊन वीस वर्षं झाली, पण अजून मला... अडलं. याला आपल्याकडे शब्दच नाही.

अग्लाया : शब्द राहू दे. होतं काय ते सांग.

रुक्सांदा : कुणाची आठवण आलेली नसते. समोर कुणी नसतं. ती कणीक मळत असते, नाहीतर उन्हात चादरी वाळत घालत असते, आणि अंगाला एकदम वाटतं, कुणीतरी जवळ घ्यावं. अमक्यानं असं काही नाही. मग हातातलं काम थांबवून ती तशीच उभी राहते, ते ओसरेपर्यंत.

अग्लाया : किती वर्षांची म्हणालीस?

रुक्सांदा : पंच्याहत्तर. लिहिताय ना, मावशी?

अग्लाया : लिहिते. जरा थांब. मला वाटायचं, हे मला एकटीलाच होतं.