घरचा वाटा

—नाही हो मॅडम, माशाचा तुकडा हवा तर तुकडा घ्या, मागच्या खेपेसही नेलातच की तुमच्या प्रयोगशाळेत, आणि काय निघालं? काही नाही. मांस खाण्यालायक आहे असं तुम्हीच इथे दुकानात उभं राहून सांगितलंत, गिऱ्हाइकं ऐकत होती, मला बरं वाटलं. आता वर बॅटऱ्यांचा कारखाना आहे, त्याचं सांडपाणी तळ्यात येतं, हे मला ठाऊक नाही होय? शिसं शिसं म्हणून सगळे ओरडतात — ओरडू देत. आमचे हे म्हणायचे, मासा हुशार असतो, वाईट ते थुंकून टाकतो. ते स्वतः काही थुंकायचे नाहीत, सगळं पोटात — पोटाच्या दुखण्यानंच गेले — असो.

काय म्हणालात? कलेजी? आज कलेजी हवी तपासायला? ती नाही मिळायची. का म्हणजे, ती आम्ही विकतच नाही. गिऱ्हाइकाला साफ केलेलं मांस, आणि मुंडकं, कलेजी घरात — सासूबाईंनी घालून दिलेला नियम. लोकांना दिसायला पांढरंशुभ्र लागतं, नेऊ देत बापडे. कसदार ते घरच्या पोटात जावं, आम्ही काय वेडे आहोत? मी मात्र आता तोंड लावत नाही त्याला, सगळं सूनबाईला. दिवस गेलेत तिला. आत जेवायला बसलीय. डॉक्टर म्हणाले अंगात रक्त कमी आहे, म्हटलं त्याची काळजी नको, घरात कलेजीला तोटा नाही. तिला वास सोसत नाही, ओकारी काढते, मग मी पुढ्यात बसून घास भरवते — रागावतेसुद्धा, खोटं कशाला बोलू. आधीची दोन राहिली नाहीत ना तिची. तेव्हाही मी काही कमी पडू दिलं नव्हतं, रोज ताटात —

असं काय बघताय? मांसात काही नव्हतं म्हणालात, मग कलेजीत कुठून येईल? मासा एकच की. — तिथेच साठतं? मांसात नाही आणि तिथे — मग मागच्या खेपेस का नाही बोललात? हां, मी विचारलं नाही. मी तुकडा दिला, तुम्ही तुकडा तपासलात. बरोबर आहे. तुमचं काही चुकलं नाही.

पोटातल्या बाळापर्यंत जातं का हो ते? — मान कशाला खाली घालता, तोंडानं सांगा. — नको. नका सांगू.

सूनबाई, अगं, हातातला घास खाली ठेव. — ठेव म्हणते ना. रोज खा म्हणून मागे लागते तेव्हा ऐकतेस, आज नको म्हणतेय तेही ऐक. — काही झालं नाही. चूळ भर.

मॅडम, तुम्ही निघा. पिशवी उघडा, आजचं सगळं घालते, ताटातलंसुद्धा न्या. आणि मागच्या दारानं जा. ती बाहेर येईल आता, आणि तुमचं तोंड मला वाचता आलं तसं तिलाही येईल. — जा हो.