वीस इंची नळी

शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता. ड्वेनच्या बंदुकांच्या दुकानात माझ्यापुढे म्हातारा ऑर्विल आणि त्याची लेक मार्लिस उभी होती.

“ड्वेन, सेमी-ऑटोमॅटिक रायफलच दे. पण नळी वीस इंची.”

“बाबा, सोळा इंची पुरे. आपल्या रानात दहा झाडांपलीकडचं दिसत नाही. लांब नळी झुडपात अडकत बसते.”

“आणि लांबच्या नेमाला? आखूड नळीनं नेम चुकतो. गेल्या वर्षीचं विसरलीस?”

“मी कशी विसरेन?”

“नळी लांब असती तर गोळी भरकटली नसती.”

“ऑर्विल, आखूड नळीनं गोळीचा वेग जरा कमी होतो. नेम नाही चुकत.”

“तू मध्ये बोलू नकोस, ड्वेन.”

“बाबा, गोळी भरकटली नव्हती.”

“मार्लिस, इथे नको.”

“हरणांना हाकारत मी तुमच्याकडेच येत होते. अंगात लांबून दिसावं म्हणून घालतात ते नारिंगी जाकीट होतं. तुम्ही बरोबर माझ्यावरच नेम धरलात. बुटाची नाडी बांधायला वाकले म्हणून वाचले.”

“हरीण वाटलं मला.”

“माहितेय.”

“मग ऑर्विल, सोळा का वीस?”

“हिच्या खांद्याला लावून बघ. यंदा हाकारायला मी जातो.”