कप खुंटीला लाव

हॅलो? … हो, ताईच बोलतेय. बोल ठमे… अगं, रडत रडत बोललीस तर मला काय कळणार? नाक पूस आधी… पुसलंस? हं. आता सांग.

काय? सोमवारपासून येऊ नको? कोण म्हणालं, सुपरवायझर? … आणि कारण? … 'तुझं इथे जमत नाही'? पडदे शिवायला ठेवलंय तुला की सोयरीक जुळवायला?

थांब, थांब… काल इस्त्रीचं बोललीस ना त्याला? शॉक बसतो म्हणून? … सगळ्यांसमोर? … मग झोंबलं त्याला, दुसरं काय.

हो, हो… अगं ऐक ना… आत्ता आहेस कुठे? जिन्यात? आणि ते काय वाजतंय? … कप? पिशवीत भरलासही?

हो, मीच शिकवलं होतं. जा म्हणाले की खुंटीवरचा आपला कप उचलायचा आणि डोळ्यांत पाणी यायच्या आत दार गाठायचं. मला तीनदा काढलं, तीनदा तेच केलं. पण तेव्हाची इथली, विलायतेतली गोष्ट वेगळी होती गं. दोन वर्षं भरल्याशिवाय 'का काढलं' विचारायची सोयच नव्हती. आणि दोन वर्षं भरत आली की मालकाला नेमकं आपलं काम आवडेनासं व्हायचं.

ते बदललंय आता… कायदा गं, कायदा. युनियनच्या बाई आमच्या कॅन्टीनमध्ये येऊन समजावून गेल्या. आता सहा महिने पुरेत. मग धड कारण नसताना काढलं तर दाद मागता येते… नाही, थापा नाही. या महिन्यापासून लागू झालंय… तू स्वेटर घालून लागलीस ना तिथे? आणि आता पुन्हा स्वेटर बाहेर निघालेत. मग?

भांडायचं नाही. फक्त म्हणायचं, मला का काढताय ते लिहून द्या. राजीनामा दे म्हणाला तर मुळीच द्यायचा नाही… माहितीये मला. पहिल्यांदा स्वतःची खोली घेतलीस, ती सोडायची नाहीये. म्हणून तर सांगतेय. जा. फोन चालूच ठेव, खिशात टाक. मी आहे.

…

नाही हो, तुमच्याशी नाही बोलत. धाकटी बहीण आहे फोनवर, तिच्या सुपरवायझरकडे गेलीय… ते पातेलं राहू द्या, मी घासते.

…

हॅलो? … मशीनच्या आवाजात अर्धंच ऐकू आलं. काय म्हणाला? … 'लिहून?' आणि मग? … मालकांना विचारतो, तोवर सोमवारी ये. हं… नाही, जिंकलो नाही अजून. शब्द फिरवेलही. पण मला कुणी 'विचारतो' एवढंसुद्धा म्हणालं नव्हतं गं. फार बरं वाटतंय मला, खरंच… आणि शेजारच्या मशीनवरची बाई? 'मलाही शॉक बसतो' म्हणाली? आपणहून? बघ. आता तू एकटी नाहीस.

कप कुठाय? … काढ पिशवीतून. खुंटीला लाव परत.

माझा? … माझा पिशवीतच असतो… हो, अजून. या कॅन्टीनमध्ये पाच वर्षं झाली, माहितीये. सवय गं, जात नाही… हसू नकोस… बरं. बरं म्हटलं ना. फोन धर जरा.

…

लावला. ऐकलंस? … हो, होती एक खुंटी रिकामी. कधीचीच.

चल, ठेवते. पातेलं राहिलंय.