उद्या कोण येणार?

सरला : ते सगळं म्हणेन गं मी, पण आधी बिट्टीला भेटून येते. कुठल्या वॉर्डात ठेवलंय तिला?

प्रतिमा : आई, किती वेळा सांगू, तिथे कोणाला सोडत नाहीत. सुधारतेय ती. घ्या, भात घ्या. आता परत पहिल्यापासून. लेबर ऑफिसचे साहेब उद्या फॅक्टरीत येणार, तुम्हाला समोर बसवणार आणि विचारणार, "माताजी, आप यहाँ क्या काम करती हैं?" काय सांगायचं?

सरला : "हम प्रतिमा की सास हैं."

प्रतिमा : देवा! अहो, नातं नाही विचारलं, काम विचारलं.

सरला : मग खरं ते सांगते. सुनेच्या फॅक्टरीत तपासणी होती, पाळणाघर दाखवायचं होतं, म्हणून एक दिवस सासूला बाई करून बसवलं.

गजेंद्र : झालं! घाला बेड्या. प्रतिमा, ती दह्याची वाटी जरा इकडे सरकव.

प्रतिमा : तुला दही सुचतंय? आई, "दाखवायचं होतं" एवढे दोन शब्द तोंडातून गेले तर मी संपले. पन्नास माणसं कामाला असली की पाळणाघर पाहिजेच, हा केंद्राचा कायदा आहे. आमच्याकडे नुसत्या शिलाईला त्याच्या कितीतरी पट बायका आहेत. आणि एच.आर. हेड कोण? मी. मालक दिल्लीला बसलाय, तो हात वर करून मोकळा होईल.

सरला : कायदा मला नको शिकवूस. साहेबासमोर घडाघडा म्हणायला तूच पाठ करून घेतलास माझ्याकडून. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटू द्यायचं, प्यायला स्वच्छ पाणी, झोपायला जागा. मी ते बायकांनाही सांगितलं. काय उजळले गं चेहरे एकेकीचे!

प्रतिमा : तेच! तेच कोणी सांगितलं होतं तुम्हाला? पाठ करून दिलं होतं ते साहेबासाठी. बायकांसाठी नाही.

सरला : कायदा बायकांसाठी नाही, तर कोणासाठी केलाय?

गजेंद्र : आई, तू ना, बालवाडीतून बाहेरच येत नाहीस. अगं, कायदा केंद्र करतं, नियम राज्य करतं, आणि मधल्या मध्ये लोक आपापली सोय बघतात. इथे लखनौत चिनहटला जा, फैजाबाद रोडच्या कुठल्याही फॅक्टरीच्या गेटमधून आत डोकाव. एक कुलूपबंद खोली असते, दारावर बाळाचं चित्र असतं. मी सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये जन्मभर ऑडिट करतोय, मला नको सांगूस.

सरला : मला हे आधी सांगायचंत ना मग! मला वाटलं, खरंच सुरू केलंय. अरे, कराडला जन्म गेला माझा बालवाडीत. खोली बघून मला भरून आलं. कार्टन काढून स्वच्छ झाडलेली, भिंतीवर पिवळी बदकं, सतरंजी, आपल्या अवनीचा जुना लाकडी घोडा मी इथून नेलेला. बदकांचा रंग तर ओलाच होता अजून. बिट्टीनं त्यावर पंजा ठेवला आणि हात पिवळाधमक. लागली रडायला. मी म्हटलं, अगं वेडे, बदकानं तुला हळद लावली! तशी खुदकन हसली. मग दिवसभर हात धुऊ देईना मला.

प्रतिमा : साहेब खूश होऊन गेले, ते मान्य आहे. नंतर काय केलंत?

सरला : नंतर काय?

प्रतिमा : संध्याकाळी. पोरं घरी जाताना. तुमच्या तोंडून ऐकायचंय मला.

सरला : रोज करत आले तेच केलं. पोराला कबूल करून घेतल्याशिवाय घरी सोडायचं नाही, ही माझी रीतच आहे. नाहीतर दुसऱ्या दिवशी रडतात यायला. "कल कौन कौन आएगा? हाथ ऊपर!" म्हटलं. सगळ्यांनी केले. तिचा पिवळा हात सगळ्यात वर.

प्रतिमा : आणि आया दारात उभ्या होत्या!

सरला : होत्याच. पोरं न्यायला आल्या होत्या.

प्रतिमा : त्यांनी ऐकलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. एका दिवसाचं काम होतं, आई, एका दिवसाचं! दुसऱ्या सकाळी गेटवर हीऽ गर्दी पोरांची.

सरला : येणारच की. मी बोलावलं होतं. फूलमती तर संध्याकाळीच म्हणाली मला, "अब बड़की स्कूल जाएगी, अम्मा." तिची थोरली घरी बसून बिट्टीला सांभाळायची ना.

प्रतिमा : खोलीत कार्टन परत भरले होते, गार्ड सोडणार कुठे? बायकांना हजेरी बुडवायची नव्हती. भिंतीच्या सावलीला पोरं बसवली, "दादी आती होंगी" म्हणून सांगितलं आणि गेल्या आत मशीनवर. ट्रकवाल्यानं रिव्हर्स घेतला. त्याला काय स्वप्न पडलं होतं, मागे पोर आहे म्हणून?

सरला : त्याला नव्हतं पडलं. तुला ठाऊक होतं.

प्रतिमा : मला?

सरला : आदल्या रात्री मी तुला पानावर सांगितलं. "प्रतिमा, उद्या पोरं येतील हं." तू फोनमध्ये बघत म्हणालीस, "येऊ देत, गार्ड बघेल." आणि सकाळी मी साडी नेसून, डबा घेऊन जिन्यात उभी. "आज नको, आई," म्हणालीस आणि गाडी काढलीस. इथून विकास नगरातून चिनहट म्हणजे काय शेजारचं घर आहे? मी जाणार कशी?

प्रतिमा : मी असं काहीही म्हणाले नाही.

सरला : गजू, तू होतास तिथे.

गजेंद्र : मी पेपर वाचत होतो.

सरला : तू मान वर करून विचारलंस मला, "एवढी नटून कुठे निघालीस?"

गजेंद्र : आठवत नाही बुवा. यार, रविवारचं जेवण तरी धड होऊ द्या माणसाचं.

सरला : वा रे माझ्या राजा! तुला बोलायला शिकवलं ते मीच. गप्प बसायला कोणी शिकवलं रे?

प्रतिमा : हळू बोला. अवनी येईल एवढ्यात ड्रॉइंग क्लासहून. आई, नीट ऐका, तीन वाक्यं आहेत फक्त. "क्रेश हम सँभालते हैं. बच्चों को हमने बुलाया था. उस दिन हम आना भूल गए." झालं. खोली परत रिकामी केलीय, बदकं आहेत, सतरंजी आहे. पाळणाघर होतं, पण बाईच आली नाही, म्हणून त्या दिवशी बंद राहिलं.

सरला : पहिलं म्हणेन. एक दिवस का होईना, सांभाळलीच मी पोरं. दुसरंही म्हणेन, ते खरंच आहे. तिसरं नाही म्हणणार.

प्रतिमा : तिसऱ्यावरच सगळं उभं आहे!

सरला : पडू दे मग. अंगात ताप असताना बालवाडी उघडलीय मी. गजूचे बाबा गेले, तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी पोरांसमोर उभी होते. पोरांना विसरले म्हणू? माझ्या तोंडानं?

गजेंद्र : त्यात एवढी लाज कसली? वय झालंय तुझं. मागच्या आठवड्यात गॅसवर दूध विसरलीसच की.

सरला : दूध आणि पोरं एकच का रे, मेल्या?

गजेंद्र : तुला होणार काय आहे, सांग बरं? तुझं अपॉइंटमेंट लेटर नाही, पगार नाही, काही नाही. कायद्यानं तू कोणीच नाहीस, आई. म्हातारी बाई आहे, हौसेनं यायची, विसरली. साहेबसुद्धा हळहळतील आणि सोडून देतील.

सरला : कोणीच नाही! बरी आठवण केलीस. अवनी झाली तेव्हा हिच्या ऑफिसात पाळणाघर नव्हतं. "आई, या ना, आई, या ना," असा रोज फोन. बालवाडीला कुलूप लावून आले मी लखनौला. तेव्हा कोण होते मी?

प्रतिमा : उपकार केलेत. किती वर्षं ऐकायचं ते? आणि स्पष्टच बोलते आता. अवनी मोठी झालीय. तिला आजी लागत नाही. तुम्हाला या घरात ठेवायला काही कारण लागतं, असं मी कधी म्हटलेलं नाही. मला म्हणायला लावू नका.

सरला : म्हटलंस की.

प्रतिमा : म्हटलं तर म्हटलं! माझी नोकरी जाईल, केस होईल, आत टाकतील मला. आणि तुम्ही तुमची इज्जत कुरवाळत बसा.

सरला : बरं. उद्याचं उद्या बघू. आज मला दवाखान्यात न्या. लांबून बघेन. प्रतिमानं परत आणलेला घोडा पिशवीत घालून ठेवलाय, तिच्या उशाशी ठेवते, मग तुम्ही म्हणाल ते करते.

गजेंद्र : अगं आई, ती आता घोडा घेऊन काय करणार आहे!

प्रतिमा : गजेंद्र!

सरला : म्हणजे?

गजेंद्र : मला पोळी नको आणखी.

सरला : गजू, म्हणजे काय?

प्रतिमा : गेली ती. परवा.

सरला : सुधारतेय म्हणालीस. आत्ता, भात वाढताना म्हणालीस.

प्रतिमा : म्हणाले. सांगितलं असतं तर तुम्ही धावत जाऊन फूलमतीच्या गळ्यात पडला असता आणि नको ते सगळं बरळला असता. मला रिस्क घ्यायची नव्हती.

(सरला पिशवीतून लाकडी घोडा काढते आणि ताटाशेजारी ठेवते.)

सरला : फूलमती काय म्हणते?

प्रतिमा : ट्रकवाल्याचं नाव घेत नाही, कंपनीचंही घेत नाही. येईल त्याला एकच सांगते, "दादी ने बुलाया था."

सरला : असं म्हणते?

प्रतिमा : खोटं बोलतेय का ती?

सरला : नाही.

प्रतिमा : मग तिला काहीतरी उत्तर नको? बोलावलं तर दादी आली का नाही, हेच तर तिच्या डोक्यात फिरत असणार. विसरली म्हटलं की माणूस आज ना उद्या माफ करतो. पाळणाघर म्हणून काही नव्हतंच, साहेब गेले, पोरं गेली आणि तासाभरात कार्टन भरले, हे कळलं तर ती बाई जन्मभर जळेल. तिच्यावर दया करा थोडी.

सरला : दया! तुझ्या तोंडी शोभतो गं हा शब्द.

गजेंद्र : पॉइंट आहे पण तिचा, आई. आणि प्रतिमा आत गेली तर अवनीकडे कोण बघणार? तू? या वयात?

सरला : म्हणजे एका पोरीची आई वाचवायची म्हणून दुसरीच्या आईशी खोटं बोलायचं. आणि तिच्या थोरलीचं काय रे? शाळेत नाव घातलं होतं ना तिचं?

गजेंद्र : ती जाईल की आता रोज. घरी सांभाळायला कोण उरलंय?

सरला : गजू, तू माझ्या पोटचा आहेस ना रे?

गजेंद्र : आता काय बोललो मी? प्रॅक्टिकल बोललो.

प्रतिमा : ते सोड. आई, इकडे बघा. एकदा म्हणून टाकू. अवनी यायच्या आत. "माताजी, बच्चे क्यों आए थे?"

सरला : हमने बुलाया था.

प्रतिमा : "फिर आप क्यों नहीं आईं?" आई? "आप क्यों नहीं आईं?"

गजेंद्र : म्हण ना गं. दोन तर शब्द आहेत.

सरला : भूल गए.

प्रतिमा : जरा जोरात. साहेबांना ऐकू गेलं पाहिजे.

सरला : हम आना भूल गए.

प्रतिमा : हां, अगदी असंच. आवाज कापला तरी चालेल. रडू आलं तर आवरू नका.

गजेंद्र : सुटलो एकदाचे! प्रतिमा, ताक केलंयस का?

प्रतिमा : फ्रिजमध्ये आहे. तो घोडा उचल आधी ताटाजवळून, अवनीनं बघितला तर विचारत बसेल.

सरला : प्रतिमा, साहेबांनी त्याच्या पुढे काही विचारलं तर?

प्रतिमा : पुढे काय विचारणार?

सरला : नाही, बिट्टीनं विचारलं होतं. सगळ्यांचे हात वर होते ना, तेव्हाच. "और दादी, तुम? तुम आओगी?"

प्रतिमा : ते सांगायची काही गरज नाही.

सरला : नाही सांगत. मीही हात वर केला होता.