मस्कतचं तेल

—तेलाचंच हाय आप्पा, दुसरं काय न्हाय. वंटमुरीचा घाट संपता संपता तेलाचा लाल दिवा लागला, तवापास्नं पाय दाबलाच न्हाय, उगंउगं सरकत आणली ती काकतीत, तुमच्या दारात. निपाणीत घर सोडल्यापास्नं चार ठिकाणी उतरलो, खाली वाकून बघितलं — थेंब, थेंब, थेंब. न्हाय न्हाय, बायकोला नका बोलवू. ती बसलीय तितं चिंचंखाली, बसू द्या. हाटेलातनं गरम पाणी सांगितलंय, खोकला लागलाय. बेळगावला डॉक्टरकडं निघालोय, दमा हाय तिला. तंबाकूच्या वखारीत उभं आयुष्य काढल्यावर दुसरं काय व्हायचं? दमाच. तुमी आधी गाडीखाली बघा.

मागचं सील? वाटलंच मला. आन चेंबरचं पॅकिंग बी? … कुठलं तेल घातलंय इचारताय व्हय — सांगतो, पन हसू नका. ह्या अँबॅसिडरला जल्मात आपलं पिंपातलं जाडं तेल. तुमीच ठरवून दिल्यालं. हे इंजन पयल्यांदा तुमीच खोललं, तवा माझं लगीन बी नवं हुतं. मीटर दोनदा फिरून शून्यावर आला, पन टॅक्सी थांबली न्हाय. धूर काढायची, खडखडायची, तेल प्यायची, पन वराती केल्या, बाळंतिणी दवाखान्यात न्हेल्या, वाटंत कुणाला सोडलं न्हाय तिनं. मग आमचा मष्णू आला मस्कतास्नं, बायकोचा धाकटा भाऊ. लोकांचे मेव्हणे टेप आणत्यात, घड्याळं आणत्यात — आमच्या मेव्हण्यानं तेलाचे दोन डबे आणले, चादरीत गुंडाळून. म्हणला, दाजी, हे जमिनीतनं उपसल्यालं तेल न्हवं, कारखान्यात बनवल्यालं हाय, म्हातारं इंजन तरणं हुतंय ह्यानं. मी म्हणलं, हुईना का. म्हातारं काय तरणं हुत आसंल तर कोण नगं म्हणतंय?

आन झालं की ओ, तेच तर सांगाय लागलोय. दोन आठवडे झालं. धूर न्हाय, खडखड न्हाय, शिलाई मशीनगत चालली. घाट तिसऱ्या गेरात चढली, आप्पा, तिसऱ्या. आमची सुलाबाई दर आठवड्याला बेळगावला मागच्या सीटवर पडून येती, ती त्या दिवशी पुढं येऊन बसली. काच खाली केली, तोंडावर वारं घेतलं, आन म्हणली, आज गाडी आपली वाटंना. लई दिवसांनी हसली. मग एका सकाळी बघतोय तर गाडीखाली ह्यो डाग.

म्हंजे काय झालं, तुमी सांगा. ह्या नव्या तेलानं आतला सगळा जुना गाळ धुऊन काढला, व्हय का न्हाय? आन त्या गाळानंच सीलं धरून ठेवलीती. घाण हुती म्हणून गाडी चालत हुती, साफ केली आन गेली. आसंच ना? — व्हय म्हणा की ओ. एवढं एक व्हय म्हणा, म्हंजे मी सुटलो.

… आधीच? सीलं आधीच गेलती म्हणताय? तेलानं खाल्ली न्हाईत? गाळ बसला हुता म्हणून दिसत नव्हतं, एवढंच? … बरं. मग परत आपलं जुनं घातलं तर? गळायचं कमी हुईल. आन? — आन आत गाळ वाढत जाणार, वाटा बुजत जाणार, एक दिवस इंजन घाटात धरणार. किती दिवस जाईल? तुमाला बी सांगता येईना. त्यालाबी येईना.

कोण म्हंजे — डॉक्टर. … ऱ्हाऊ द्या. … न्हाय, ऐका आता, निघालंच तोंडातनं तर. दमा न्हाय तिला. हळू बोलतो, वारं तिकडंच हाय. गाठ हाय फुप्फुसात. तिला मी दमाच सांगितलाय. जुन्या गोळ्यांवर हळूहळू चाललंय, म्हंजे हळूहळू संपतंय. आता डॉक्टर म्हणतो मुंबईस्नं नवं औषद मागवू, बाहेरच्या देशातलं, शिरंतनं द्यायचं. सगळं धुऊन काढंल म्हणला — ह्याच शब्दात, आप्पा, धुऊन काढंल. पन अंग झिजलंय, सोसंल का न्हाय सांगता येत न्हाय, म्हणतो, भरमू, हे तूच ठरव. मी ठरवू? मी डायवर माणूस. त्याला आज व्हय का न्हाय सांगायचं हाय. त्याचं बोलणं मला कळत न्हाय, मराठीत सांगितलं तरी कळत न्हाय. मला इंजनातलं कळतंय, म्हणून तुमाला इचारतोय. तुमचा हात चुकल्याला मी बघितला न्हाय कधी. म्हातारं इंजन, आत गाळ, सीलं आधीच गेल्याली. काय घालायचं, सांगा.

… माणसाची सीलं बदलता येत न्हाईत, ठावं हाय मला. आसं फडक्यानं हात पुसत उभं ऱ्हाऊ नका ओ, कायतरी बोला. तुमच्या मालकिणीला आसं झालं आसतं तर तुमी — … माफ करा. तसं म्हणाय नगं हुतं. माझं डोस्कं ठिकाणावर न्हाय, मला भ्या वाटतंय, आप्पा, लई भ्या वाटतंय. ती गेली तर मी कुणाच्या दारात जाऊन गाडी लावू?

व्हय, मष्णूचा दुसरा डबा डिकीत हाय, भरल्याला. तुमचं पिंप बी हितं हाय. बेळगाव गाठायला कायतरी घातलंच पायजे, बरोबर हाय. पन कुठलं घालू, हे बी मलाच काय इचारता? सगळी मेली मलाच — गप. गप ऱ्हावा. ती उठली. इकडंच येतीया. आता तेलाचं बोला, फकस्त तेलाचं.

सावलीत बसायचं हुतंस की गं. न्हाय, मोठं काय न्हाय, सील गेलंय. हे आप्पा इचारत्यात, मष्णूचं तेल घालू का आपलं जुनं? … तू सांगतीस? बरं, तू सांग. … जुनं? का गं? … सवयीचं बरं, म्हणतीया. … काय? घरला जायापुरतं? अगं घरला काय, आपल्याला आधी बेळगावला — … कुणी सांगितलं तुला? मष्ण्यानं? … ऐकलंसा आप्पा? म्हणतीया, दम्याला दर आठवड्याला इतक्या लांब कोण न्हेतंय.

न्हाय गं. आसं म्हणू नगंस. मष्णूचंच घालू की, दोन आठवडे कशी चालली, बघितलंस न्हवं? तू हसलीस की त्या दिवशी. तसंच पुन्ना — … व्हय, गळलं मागनं. व्हय.

… बस मग. मागं नगं, पुढं बस.

घाला, आप्पा, जुनंच घाला. आन जरा धक्का द्या, तोंड निपाणीकडं फिरवायचंय.