एकशे ब्याण्णव तासांची गैरहजेरी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या विद्यापीठाच्या कुलगुरू डॉ. हैफा मॅडम, व्यासपीठावर विराजमान असलेले जिल्हा रुग्णालयाचे संचालक डॉ. सलामेह; ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते परिचर्या महाविद्यालयाचे अधिष्ठाता डॉ. गालेब, म्हणजे आपल्या सगळ्यांचे अबू नवाफ. समोर बसलेले प्राध्यापकवृंद, रुग्णालयातून थेट इथे आलेल्या भगिनी, आणि भाषणं संपून मन्सफच्या मटणभाताची ताटं कधी येतात याकडे एकाग्र चित्ताने ध्यान लावून बसलेले मागच्या रांगेतले माझे सन्मित्र –

मला चार मिनिटं दिली आहेत. गेली सव्वीस वर्षं मी आपल्या ऐन लौज गावच्या बातम्या अम्मानच्या दैनिकाला पाठवतो आणि तिथले संपादक मला चार ओळी देतात. तेव्हा चारची मर्यादा मला नवी नाही. ती पाळण्याची सवय मात्र अजून लागलेली नाही.

निवृत्त होणाऱ्या माणसाबद्दल आणि दिवंगत माणसाबद्दल चांगलंच बोलावं असा संकेत आहे. अबू नवाफ सुदैवाने पहिल्या वर्गात मोडतात, म्हणजे ते ऐकू शकतात. म्हणून चांगल्यापासूनच आरंभ करतो.

अठरा वर्षांपूर्वी ते इथे आले तेव्हा नर्स होण्याचा मार्ग एकच होता. यावं, शिकावं, व्हावं. किती अडाणी काळ तो! अबू नवाफ यांनी एकाचे चार केले. महाविद्यालयात शिरल्यावर उजव्या भिंतीवर त्यांनी स्वहस्ते रेखाटलेला एक भव्य तक्ता आहे. चार रंग, चार मार्ग, आणि बाणच बाण. बारावीला उत्तम गुण असतील तर हिरव्या बाणाने चार वर्षांत पदवी. गुण थोडे कमी पण वडिलांचा खिसा भारी असेल तर पिवळ्या बाणाने समांतर प्रवेश. समांतर रेषा अनंतात मिळतात असं शाळेत शिकवलं होतं. या फी भरायच्या खिडकीशी मिळतात. दुसऱ्या कुठल्या विषयाची पदवी घेऊन पस्तावलेल्यांसाठी जांभळा बाण, अडीच वर्षांचा. आणि ज्यांनी पूर्वी दोन वर्षांची पदविका घेतली, वॉर्डात आयुष्य काढलं आणि आता पदवी हवी आहे, त्यांच्यासाठी लाल बाण. या लाल मार्गाला आपण तज्सीर म्हणतो. तज्सीर म्हणजे पूल बांधणं.

पूल! किती सुंदर कल्पना. पदविकेच्या तीरावरून पदवीच्या तीराला. फक्त या पुलाच्या ऐन मध्यावर एक चौकी आहे आणि त्या चौकीत अबू नवाफ बसतात.

हसू नका, मॅडम. तुम्ही हसलात की त्यांना वाटतं मी टीका करतोय.

त्या तक्त्यापुढे मी अनेक आयाबापांना उभं असलेलं पाहिलं आहे. मागे एकदा एक शेळ्यावाले काका अर्धा तास त्याच्याकडे बघत होते. मी विचारलं, "काका, मुलगी कुठल्या बाणाने जाणार?" ते म्हणाले, "बाबा, बाण कुठलाही असू दे. शेवटी दवाखान्यातच जाऊन पडतो ना?"

मला वाटतं, त्या तक्त्यावरचं इतकं मर्मग्राही भाष्य अजून कुणी केलेलं नाही.

आता तिसऱ्या रांगेत, हातात रुग्णालयातर्फे आणलेला पुष्पगुच्छ घेऊन बसलेल्या सिस्टर इंतिसार यांच्याविषयी दोन शब्द. त्यांनी मला दारातच बजावलं आहे, "माझं नाव घेतलंत तर मी उठून जाईन." बसा सिस्टर. गुच्छ अजून द्यायचा आहे.

ऐन लौजमधल्या ज्या कुणाच्या लेकराला गेल्या तेवीस वर्षांत ताप चढला असेल, त्याला यांची ओळख करून देण्याची गरज नाही. बालरुग्ण विभागाच्या त्या इनचार्ज आहेत. शिक्षण, दोन वर्षांची पदविका. दोन वर्षांपूर्वी राजधानीहून परिपत्रक आलं की वॉर्डाच्या इनचार्जकडे पदवी हवीच. नसेल त्यांनी या शैक्षणिक वर्षाच्या अखेरपर्यंत मिळवावी, अन्यथा सहायक म्हणून काम करावं. थोडक्यात, ज्या वॉर्डात तेवीस वर्षं हुकूम दिले, तिथेच आता हुकूम घ्यावेत.

सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईंनी पुस्तकं उघडली. प्रवेशासाठीची सर्वंकष परीक्षा दिली, लाल बाण धरला, आणि स्वतःच्या लेकीच्या वयाच्या मुलींबरोबर बाकावर बसल्या. शरीररचना उत्तीर्ण. औषधशास्त्र उत्तीर्ण. संशोधनपद्धती नावाचा एक विषय आहे, तो काय असतो हे शिकवणाऱ्यांनाही ठाऊक नसतं, त्यातही उत्तीर्ण. राहिले ते एकशे ब्याण्णव प्रात्यक्षिक तास. वॉर्डात जाऊन रुग्णसेवेचा अनुभव घ्यायचा. तेवीस वर्षांनी!

संगणकाने त्यांना वॉर्ड नेमून दिला. कुठला? बालरुग्ण विभाग. म्हणजे स्वतःचाच. पर्यवेक्षक म्हणून नेमली दानिया. ती बघा, तिथे मान खाली घालून बसली आहे. या दानियाला सुई धरायला इंतिसार बाईंनीच शिकवलं. पहिल्या दिवशी दानिया तपासणीचा कागद घेऊन आली आणि रडायलाच लागली.

"खाला, मी तुम्हाला गुण कसे देऊ हो? मला लाज वाटते."

बाई म्हणाल्या, "लाज मग वाटून घे. आधी तो हातमोजा बदल, फाटलाय. आणि माझा एक गुण काप, मी आल्याबरोबर हात धुतले नाहीत."

दानियाने खरोखरच एक गुण कापला. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या भाच्याच्या खाटेपाशी बसून माझ्या कानांनी ऐकलं आहे.

असे एकशे ब्याण्णव तास भरले. शेवटी हजेरीच्या तक्त्यावर दोन सह्या लागतात. एक पर्यवेक्षकाची, ती दानियाने केली. दुसरी, संबंधित वॉर्डाच्या इनचार्जची.

आलं ना लक्षात?

त्या वर्षी त्या वॉर्डात आणखी बेचाळीस मुलींनी प्रशिक्षण घेतलं. बेचाळीस तक्त्यांवर इनचार्ज म्हणून बाईंनी सही केली आणि बेचाळिसांच्या बेचाळीस मुली हजर ठरल्या. त्रेचाळिसावा तक्ता त्यांचा स्वतःचा होता. ती जागा त्यांनी कोरी सोडली. आपल्या परीक्षा विभागाचे अबू मुहन्नद त्यांना म्हणाले, "अहो बाई, करा की सही! कोण बघतंय? सगळे करतात."

त्या म्हणाल्या, "सगळे करतात म्हणून तर तुमच्याकडे एवढे पास होतात. मी माझीच हजेरी मीच कशी खरी ठरवू?"

समितीने निर्णय दिला. सही नाही, तस्मात् हजेरी नाही. एकशे ब्याण्णव तास गैरहजर. सभ्य स्त्री-पुरुषहो, चार मार्ग, चार रंग आणि इतके बाण असलेल्या या महाविद्यालयात, बाई ज्या वॉर्डात होती त्याच वॉर्डात ती नव्हती, हे कागदोपत्री सिद्ध करण्यात आलं. मोठमोठ्या तत्त्ववेत्त्यांना असणं आणि नसणं यांचा उलगडा झाला नाही. आपल्या समितीने तो दुपारच्या चहाआधी केला.

उपाय नव्हता असं नाही. आपल्याच नियमावलीत चौदावं कलम आहे. अधिष्ठात्यांची स्वतःची खात्री पटली, तर ते स्वतः सही करून तास ग्राह्य धरू शकतात. फाइल त्यांच्या टेबलावर गेली. त्याला आता चार महिने झाले. मी एकदा विचारायला गेलो होतो.

"अबू नवाफ, ती बाई वॉर्डात होती की नव्हती?"

"होती रे बाबा. साऱ्या गावाला माहीत आहे."

"मग सही करा."

"गावाला माहीत आहे. मला कार्यालयीनदृष्ट्या माहीत नाही. मी स्वतः पाहिलं असतं तर गोष्ट वेगळी."

या उत्तरातली नियमनिष्ठा पाहून मी नतमस्तक झालो. मस्तक नत झाल्यामुळे वाट दिसली नाही, आणि चुकून मी थेट बालरुग्ण विभागात पोचलो. तिथे दाराशी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी अभिप्रायाची वही टांगलेली असते. बातमीदाराला लिहिलेलं काहीही वाचायची खोड असते. डॉ. सलामेह यांच्या परवानगीने त्यातल्या एका पानाची नक्कल मी आणली आहे. वाचतो.

"माझी नात जूरी हिला सलाइन लावताना दोघांना शीर सापडली नाही. सिस्टर इंतिसार यांनी माझ्या डोळ्यांदेखत एका प्रयत्नात ती लावली आणि मुलगी रडलीसुद्धा नाही. अशा परिचारिका घडवणं हेच आमच्या महाविद्यालयाचं ध्येय आहे." तारीख अकरा मार्च. वेळ सकाळचे साडेनऊ. खाली सही. डॉ. गालेब, अधिष्ठाता.

अकरा मार्च, सकाळी सात ते एक, हे त्या एकशे ब्याण्णवांपैकी सहा तास आहेत, अबू नवाफ. बाई गैरहजर होत्या. मग जूरीला सलाइन कुणी लावलं? आणि "माझ्या डोळ्यांदेखत" लिहिणारे ते डोळे कुणाचे?

टाळ्या नकोत. टाळ्यांनी फाइल हलत नाही.

आज गुरुवार. अबू नवाफ यांचा हा शेवटचा दिवस. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली की रविवारी निकाल मंडळाची बैठक आहे. नवीन अधिष्ठाता नेमायला किती महिने लागतील, हे मॅडमनाही सांगता येणार नाही. तोवर खुर्ची रिकामी, चौदावं कलम रिकामं, आणि रविवारी सिस्टर इंतिसार अनुत्तीर्ण. एक तारखेपासून बालरुग्ण विभाग दानियाच्या हाती. काल दानिया मला म्हणाली, "काका, मी इनचार्जच्या खुर्चीत बसले तरी मुलं रडायला लागली की हाक खालालाच मारणार ना मी?" याहून प्रामाणिक अर्ज कुठल्या कार्यालयात कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

हां, कॉफी आली. या, या, इकडे आधी द्या. आजची कॉफी अबू नवाफ यांच्या घरून आली आहे असं कळलं. म्हणजे आज यजमान तेच आणि आम्ही त्यांचे पाहुणे. वेलदोड्याचा वास तर छानच येतोय.

हा मी पेला टेबलावर ठेवला. पीत नाही.

आपल्या या डोंगरात याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. पाहुणा कॉफीला हात लावत नाही म्हणजे त्याचं मागणं बाकी आहे. मी लेक मागायला आलेलो नाही, खुनाची तडजोड करायलाही आलेलो नाही. एक सही मागायला आलो आहे.

डॉ. सलामेह, आपणही ठेवलात? मॅडम, आपणसुद्धा? शेवटच्या रांगेत पेल्यांची काय खणखण चाललीय? सगळ्यांनीच खाली ठेवले? अहो, त्या मन्सफचं तरी भान ठेवा!

काय म्हणालात, अबू नवाफ? माईक द्या त्यांना कुणीतरी.

"अरे, पी बाबा, पी. प्या सगळे. झालं तुमचं काम."

ऐकलंत सगळ्यांनी. यजमानाचा शब्द म्हणजे शब्द. तरीही मी बातमीदार आहे आणि शब्दावर बातमी पाठवत नाही. अबू मुहन्नद, ती काखेतली फाइल इकडे आणा. हो, तीच. आज अधिष्ठात्यांचं कपाट रिकामं करताना ती नेमकी वरतीच सापडली, योगायोगच म्हणायचा. हे पेन. इथे, चौदाव्या कलमाखाली.

थांबा, तिसऱ्या रांगेतून कुणीतरी उठलंय. सिस्टर, आता तरी जाऊ नका! काय? मोठ्याने बोला.

"डॉक्टर, नुसती सही नको. तारीख घाला आणि वेळही घाला. आमच्या वॉर्डात वेळेशिवाय नोंद धरत नाहीत."

घातली. गुरुवार, दुपारचे एक वाजून दहा मिनिटं. बाईंनी लांबून मान हलवून मंजुरी दिली आहे. अबू नवाफ, अठरा वर्षांत आपण पुष्कळांची तपासणी केलीत. शेवटच्या दिवशी आपलीही एक झाली आणि आपण उत्तीर्ण झालात. मनापासून अभिनंदन. आपल्याला निवांत आयुष्य लाभो, आणि जूरीला तापही न लाभो.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल मॅडमचे, वहीचं पान दिल्याबद्दल डॉ. सलामेह यांचे, आणि पेले खाली ठेवल्याबद्दल या सभागृहाचे मी आभार मानतो. चार मिनिटं केव्हाच संपली. बोलण्याच्या भरात कुणाच्या मानाला धक्का लागला असेल, तर तो लागावा म्हणूनच काही ठिकाणी बोललो. पण प्रेमाला लागला असेल, तर तेवढ्यापुरती मला क्षमा असावी.

आता कॉफी घेतो. गार झाली आहे, पण चालेल.