तिसरा रकाना

डेट्रॉइटच्या वाचनालयात पालिकेच्या फुकट झाडांचे अर्ज घेणाऱ्या लॉरेटाला खिडकी बंद करायची होती. पण समोरच्या बाकावर एकाच चर्चमधल्या दोघा म्हाताऱ्यांची जुंपली होती, म्हणून ती उगाच कागद चाळत राहिली.

"भरा की ओझेलाताई. फुकट मिळतंय!"

"मागच्या वेळीही फुकटच होतं, थेडियसभाऊ. सकाळी उठून बघते तर पालिकेनं दारात मेपलचं झाड लावलेलं! त्याच्या मुळांनी माझा सांडपाण्याचा पाइप फोडला."

"सावली तर मिळाली? आपल्या काळ्या लोकांच्या गल्लीत दुसरं कोण सावली देतंय?"

"पानं झाडून झाडून गुडघे गेले माझे. सावलीत बसायचं कधी?"

"सरकारनं मदत केली नाही तरी ओरड, केली तरी ओरड!"

"माझ्या वडिलांची अख्खी आळी सरकारनं पाडली, तेही आमच्या भल्यासाठीच होतं."

"आणि तुमची लेक नर्स झाली ती? सरकारी शिष्यवृत्तीवरच ना?"

"झाली, नाही कोण म्हणतंय? पण काय शिकायचं ते तिनं ठरवलं होतं."

"मग इथंही तुम्हीच ठरवा. तिसरा रकाना वाचा: कुठलं झाड हवं?"

"वाचलाय मी."

"मग लिहा ना! अर्धा तास झाला. पीच लिहा, अलाबामात तुमच्या आईच्या दारात होता तसा."

"लिहीन हो."

"अहो, ती पोरगी किल्ली घेऊन उभी आहे!"

लॉरेटानं किल्ली परत खणात टाकली.

"उभी राहू दे. सत्तर वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलंय मला. लगेच काय उत्तर द्यायचं?"